दुरून केलेल्या दुरुस्त्या

'अनक्लासिफाइड' या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न माझ्यापुढे आला तो एका नकाशामुळे. ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा. तो काढण्यासाठी जी संपादन-प्रणाली वापरतात, तिच्यातले शब्द निरनिराळ्या भाषांत आणण्याचे कामही स्वयंसेवकच करतात, आणि त्यातली मराठीची यादी मी पाहत होते. रस्त्यांच्या प्रकारांत हा शब्द होता. वाचताक्षणी वाटते, ज्याचा वर्ग अजून ठरलेला नाही असा रस्ता. प्रत्यक्षात तो ब्रिटनमधल्या रस्त्यांच्या वर्गवारीतला पारिभाषिक शब्द आहे. वरच्या वर्गांत न बसणारा, पण सार्वजनिक रहदारीचा लहान रस्ता, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे 'वर्ग नसलेला' हाच एक वर्ग! 'ट्रंक' हा शब्दही तिकडचाच. भारतातल्या नकाशाकारांनी आपसांत ठरवून राष्ट्रीय महामार्गाला 'ट्रंक', राज्य महामार्गाला 'प्रायमरी', प्रमुख जिल्हा मार्गाला 'सेकंडरी' असे जुळवून घेतले आहे. हे भाषांतरच झाले, आणि बऱ्यापैकी चांगले झाले.

पण पाणंदीचे काय करायचे? दोन शेतांच्या बांधांमधून जाणारी, बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी घडलेली, पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची आणि सुगीनंतर टणक होणारी ती वाट. तिच्यावरून वर्षानुवर्षे भाऊबंदकीचे दावे चालतात. नकाशाच्या शब्दकोशात तिला जवळचा शब्द 'ट्रॅक'. एप्रिल-मे महिन्यात आकाशातून काढलेल्या छायाचित्रात ती चांगल्या रुंद कच्च्या रस्त्यासारखी दिसते. हे चित्र पाहून दूर कुठे बसलेला एखादा सज्जन माणूस तिला वरच्या वर्गात चढवतो. त्याच्या दृष्टीने त्याने एक चूक दुरुस्त केलेली असते.

या सज्जन माणसाबद्दल मला लिहायचे आहे. तो दुष्ट नाही, आळशी तर मुळीच नाही. तो फुकट काम करतो, बहुधा रात्री जागून करतो. त्याच्या कामामुळे जीव वाचले आहेत, हेही नोंदवलेले आहे. तरीही ज्यांच्या गावाचा नकाशा तो दुरुस्त करतो, त्यांना त्याचा राग का येतो?

सुरुवातीला असा माणूस नव्हताच. २००४ मध्ये लंडनमध्ये स्टीव्ह कोस्ट या तरुणाने हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यामागे एक साधी चीड होती. ब्रिटनचा नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी संस्था काढते, आणि तोच नकाशा नागरिकाला वापरायचा तर पैसे मोजावे लागत आणि अटी पाळाव्या लागत. मग आपणच रस्त्यावर उतरून नकाशा का काढू नये? खिशात जीपीएस यंत्र, हातात वही, पायाखाली रस्ता. मे २००६ मध्ये एका शनिवार-रविवारी उत्साही मंडळी आइल ऑफ वाइट या बेटावर जमली आणि पायी, सायकलवर, गाडीतून फिरून त्यांनी रस्ते नोंदवले. त्या काळात नकाशावरची प्रत्येक रेघ म्हणजे कोणीतरी तिथून गेल्याची खूण होती. जे जागेवर आहे तेच खरे, हा प्रकल्पाचा पायाभूत नियम याच चालण्यातून आलेला आहे.

त्याच वर्षाच्या अखेरीस याहू कंपनीने आपली हवाई छायाचित्रे गिरवायला परवानगी दिली. २०१० च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या बिंगने दिली. आता चालण्याची गरज उरली नाही. चित्र पडद्यावर घ्यायचे, रस्त्यावर टिंबे टाकत जायचे, की झाला रस्ता. अशा माणसाला इंग्रजीत 'आर्मचेअर मॅपर' म्हणतात. आपल्याकडे आरामखुर्चीतले राजकारणी असतात, तसे हे आरामखुर्चीतले नकाशाकार. भारताचा नकाशा तर पहिल्यापासून बराचसा असाच तयार झाला. आपल्या मोठ्या रस्त्यांचा आरंभीचा सांगाडा २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या एका कंपनीने देणगी दिलेल्या माहितीतून आला. तो जोडणाऱ्यांपैकी कोणी त्या रस्त्यांच्या कडेला चहा प्यायला असेल, असे मानायचे कारण नाही.

नवा रस्ता दुरून काढणे वेगळे आणि असलेला रस्ता दुरून दुरुस्त करणे वेगळे. रिकाम्या जागेवर कोणी काही काढले तर निदान कोणाचे काही पुसले जात नाही. दुरुस्तीत आधीच्या माणसाचे लिहिलेले जाते. नकाशातल्या विसंगती शोधणाऱ्या संगणकप्रणाली आहेत. अमुक रस्ता तमुक रस्त्याच्या दोन मीटर अलीकडे संपतो, बहुधा जोडायचा राहिला, अशा सूचनांची लांबलचक यादी त्या देतात. यादी संपवायला माणसे पुढे येतात. रस्ता जोडला जातो. तिथे एका वसाहतीची भिंत आहे, तिच्यावर काचा लावलेल्या आहेत, आणि भिंतीपलीकडच्या मुलांना शाळेत जायला मोठा वळसा पडतो, हे ज्याला माहीत होते त्यानेच तर ते दोन मीटर सोडले होते. त्याचे ज्ञान नकाशावर एका न जोडलेल्या टोकाच्या रूपात होते. प्रणालीला ते अज्ञान वाटले.

मुद्रितशोधनाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. कथेतल्या म्हातारीच्या तोंडचे 'व्हतं' कोणीतरी 'होतं' करून ठेवतो. त्याचे व्याकरण बरोबर असते, फक्त म्हातारी मेलेली असते. अनुवादकाला तर ही माणसे रोज भेटतात. मूळ भाषा येत नसताना अनुवाद 'सफाईदार' करून देणारे संपादक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालताना आपली बाजू मांडायला फार शब्द लागतात, कारण त्यांच्या बाजूने नियम असतो आणि आपल्या बाजूने फक्त 'मला माहीत आहे' एवढेच असते. नकाशातही तेच होते. यादी संपवणारा एका बैठकीत शंभर ठिकाणी हात फिरवतो. गावातल्या माणसाने आयुष्यात दहा नोंदी केलेल्या असतात, त्यांतली एक बदललेली दिसली की तो बहुधा भांडत नाही, निघून जातो. मग तिथे कोणी स्थानिक नाहीच, असे म्हणून दुरून आणखी काम केले जाते.

एवढ्यावर थांबले तर हा लेख सोपा होईल: जवळचा खरा, दूरचा खोटा. पण १२ जानेवारी २०१० नंतर असे सरळ म्हणता येत नाही. त्या दिवशी हैतीत भूकंप झाला आणि राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स कोसळली. ओपनस्ट्रीटमॅपवर तेव्हा या शहराचे जेमतेम मोजके रस्ते होते. पुढच्या काही दिवसांत उपग्रह कंपन्यांनी ताजी चित्रे खुली केली आणि महिनाभरात सहाशेहून अधिक स्वयंसेवकांनी ती गिरवून गल्ल्या, कोसळलेल्या इमारती, उघड्यावर उभ्या राहिलेल्या छावण्या नोंदवल्या. त्यांतल्या बहुतेकांनी हैती कधी पाहिले नव्हते. परदेशी शोधपथकांच्या हातातल्या जीपीएस यंत्रांत हाच नकाशा भरलेला होता. आरामखुर्चीबद्दल थट्टेने बोलताना मला हे विसरता येत नाही.

त्याच आठवड्यांत दुसरे एक काम चालले होते आणि भाषेच्या माणसांनी ते मुद्दाम पाहावे असे आहे. ४६३६ या क्रमांकावर कोणीही मोबाइलवरून मोफत संदेश पाठवावा, अशी सोय हैतीत करण्यात आली. संदेश येत ते क्रेओल भाषेत. हैतीत राज्यकारभाराची भाषा दीर्घकाळ फ्रेंच होती, पण सगळ्यांच्या तोंडी क्रेओलच. मदतीला आलेल्या पथकांना यातली कोणतीच धड येत नव्हती, त्यांना इंग्रजी हवी. मग अमेरिका, कॅनडा आणि इतर देशांत राहणाऱ्या हैतीयन लोकांनी इंटरनेटवरून हे संदेश भाषांतरित करायला घेतले. काम नुसत्या भाषांतराचे नव्हते. संदेशातली जागा नकाशावर शोधून तिचे अक्षांश-रेखांश द्यायचे होते. नकाशावर फ्रेंच वळणाने 'कारफूर' लिहिलेले असे, संदेशात क्रेओल वळणाने 'काफू'. 'पोर्ट-ओ-प्रिन्स' तिथल्या माणसाच्या बोटातून 'पोतोप्रेंस' होऊन उतरे. शोधयंत्राला ही दोन वेगळी गावे. ज्याचे बालपण तिथे गेले त्याला एकच. हे काम जुळवणारे भाषातज्ज्ञ रॉबर्ट मन्रो यांनी त्याविषयी नंतर जो निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात स्थानिक ज्ञानाच्या जागतिक सहकार्याचा उल्लेख आहे. पुढे यातले बरेच काम खुद्द हैतीतल्या मिरबाले गावात पगारावर नेमलेल्या लोकांकडे गेले, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी.

बॉस्टनमध्ये बसलेली एखादी हैतीयन परिचारिका त्या गल्लीपासून हजारो किलोमीटर दूर होती. तरी स्थानिक तीच. म्हणजे प्रश्न अंतराचा नव्हता. रेघ कोणालाही काढता आली. नाव मात्र ज्याने ते ऐकलेले होते त्यालाच ओळखू आले.

जवळजवळ चार वर्षांनी, नोव्हेंबर २०१३ मध्ये, फिलिपाइन्सला हैयान वादळाने झोडपले तेव्हा हा उत्साह आणखी एक पाऊल पुढे गेला. इमारत आहे की नाही एवढेच नव्हे, तर तिचे किती नुकसान झाले हेही स्वयंसेवक वरून पाहून ठरवू लागले. नंतर अमेरिकन रेड क्रॉसने जागेवर पडताळणी करून घेतली, तेव्हा नुकसानीच्या या खुणा भरवशाच्या निघाल्या नाहीत. छप्पर शाबूत, भिंती गेलेल्या, असे घर आकाशातून शाबूतच दिसते. नेपाळात २०१५ च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला, तोवर काठमांडूत नकाशाकारांची स्थानिक संस्था उभी होती, शाळा आणि दवाखाने आधीच नोंदवून झाले होते. जगभरातून मदतीला आलेल्या हजारो हातांना काय काढायचे आणि काय नाही, हे ती मंडळी सांगू शकली. नेपाळच्या नकाशावर गावांची मुख्य नावेही बहुधा देवनागरीतच दिसतात. भारतात मुख्य नावाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी इंग्रजी असते आणि मराठी, तमिळ, बांगला ही नावे आपापल्या भाषेच्या उपरकान्यात. एवढ्या भाषांच्या देशात दुसरे काय करणार, हा युक्तिवाद मला कळतो, पण पटत नाही.

आता नेपाळचा विषय निघालाच आहे, तर याच भूमीवरून झालेला एक जुना वाद सांगते. १८५६ मध्ये सर्व्हे ऑफ इंडियाचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी जाहीर केले की पंधरा क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच आहे. नेपाळात ब्रिटिश सर्वेक्षकांना प्रवेश नव्हता, त्यामुळे ही सगळी मोजणी भारतातल्या सपाटीवरून, शंभराहून अधिक मैलांवरून झालेली. उत्तर आले २९,००२ फूट. आज मान्य असलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे २९,०३१ फुटांच्या थोडी वर. शंभर मैलांवरून पाहून तीस फुटांची चूक! दुरून काम करणाऱ्यांचा याहून मोठा विजय मला माहीत नाही.

उंची सांगितल्यावर नाव द्यायचे होते. वॉ यांचे म्हणणे असे की स्थानिक नाव काही सापडत नाही, तेव्हा आपले पूर्वसूरी जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव द्यावे. दोन दशके काठमांडूत राहिलेले ब्रायन हॉजसन यांनी लगेच हरकत घेतली, की नाव आहे, 'देवधुंगा'. हॉजसन नेपाळचे मोठे जाणकार. पण त्यांचे हे नाव त्या शिखराचे म्हणून पुढे टिकले नाही. मग हेरमान श्लागिंटवाइट या जर्मन प्रवाशाने काठमांडूजवळच्या टेकडीवरून पाहून सांगितले, हे तर गौरीशंकर. तेही चूक. ते शिखर वेगळे आहे, हे १९०३ मध्ये निर्णायकपणे सिद्ध झाले. तोवर 'गौरीशंकर' आपल्या भाषेत शिरले होते. मराठी वक्ते अजूनही कोणाच्या तरी 'कर्तृत्वाचे गौरीशंकर' गाठत असतात, ते या चुकीच्या दुरुस्तीवर चढून. खुद्द एव्हरेस्ट साहेबांनाही आपले नाव पसंत नव्हते. ते फारसी किंवा हिंदीत लिहिता येणार नाही, इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, असे त्यांनी १८५७ मध्ये म्हटले. ते स्वतः आपल्या आडनावाचा उच्चार 'ईव्हरेस्ट' करत. म्हणजे आज सारे जग त्यांचे नाव घेते ते चुकीचेच. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्या नावावर शिक्का मारला.

गंमत अशी की जवळजवळ सव्वाशे वर्षे आधी, १७३३ मध्ये, पॅरिसमध्ये तयार झालेल्या तिबेटच्या नकाशावर त्या भागात 'चुमूर लांक्मा' असे लिहिलेले आहे. तिबेटी 'चोमोलुङ्मा' हेच ते, असे अभ्यासक मानतात. तो नकाशा काढणारे झाँ-बातिस्त दांव्हिल हे आरामखुर्चीतल्या नकाशाकारांचे आद्यपुरुष. त्यांचे आयुष्य पॅरिसमध्ये गेले. पण त्यांच्या हाती आलेली माहिती पेकिंगच्या जेझुइटांकडून आलेली होती, आणि जेझुइटांकडे ती आली होती सम्राटाने तिबेटात पाठवलेल्या दोन लामांकडून. लामांनी नाव विचारून घेतले असणार, किंवा विचारायची गरजही पडली नसेल. दांव्हिल यांनी ते फ्रेंच कानाला जमेल तसे उतरवून घेतले, 'दुरुस्त' केले नाही. याच माणसाने १७४९ मध्ये आफ्रिकेचा नकाशा काढताना आधीच्या नकाशांवरचे ऐकीव डोंगर आणि कल्पित राज्ये काढून टाकली आणि खंडाच्या आतला मोठा भाग कोरा सोडला. त्या कोऱ्या जागांचा पुढे साम्राज्यांनी काय अर्थ लावला हा वेगळा आणि दुःखाचा इतिहास आहे. परंतु माहीत नाही तिथे न लिहिण्याला धैर्य लागते, एवढे मी दांव्हिल यांच्या पदरात घालीन.

आपण भारतीय या गोष्टी वाचताना सहज स्वतःला हॉजसनच्या, लामांच्या, गावकऱ्याच्या जागी ठेवतो. वॉ साहेब नेहमी दुसरा कोणीतरी. पण २०१८ च्या सुमारास थायलंडमधल्या स्वयंसेवकांनी तक्रारी सुरू केल्या, त्या वेगळ्या होत्या. प्रवासी गाड्या पुरवणाऱ्या एका कंपनीने नकाशा सुधारण्यासाठी पगारी माणसे लावली होती. ती उपग्रहचित्रे पाहून थायलंडच्या गल्ल्या भराभर बदलत होती, आणि स्थानिकांनी वर्षानुवर्षे फिरून नोंदवलेले त्या भरात बिघडत होते. ही माणसे थायलंडमध्ये नव्हती. त्यांतली बरीचशी भारतात होती. थाई अक्षर न वाचता येणारी आपली मुले, आठ-आठ तासांच्या पाळीत, रोजच्या ठरलेल्या संख्येने कुणाच्या तरी गावाची दुरुस्ती करत होती. त्या मुलांना दोष देणे मला जमत नाही. नोकरी ती नोकरी. पण दुरून दुरुस्ती करणारा म्हटला की लंडनचा गोरा चेहरा डोळ्यांपुढे आणण्याची सोय तेव्हापासून राहिलेली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनने संघटितपणे काम करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: काम सुरू करण्याआधी जाहीर करा, कोण करत आहे ते सांगा, कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्या. सूचना बऱ्या आहेत. मात्र त्या इंग्रजीतून वाचता येतील आणि प्रश्न इंग्रजीतून विचारता येईल असाच 'स्थानिक' त्यांनी गृहीत धरला आहे, असे मला वाटते.

आणि स्थानिक म्हणजे तरी कोण? महाराष्ट्रातल्या गावाच्या नकाशावर वाडी, पाडा, तांडा, मळा, वस्ती असे तुकडे असतात. यांतल्या पुष्कळ वस्त्यांची नावे गावाने दिलेली आहेत, वस्तीने नाही. महारवाडा, मांगवाडा ही नावे तिथे राहणाऱ्यांनी हौसेने ठेवलेली नव्हती. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अशी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, आणि समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचवण्यात आली. आता वेशीतल्या पारावर बसलेल्या माणसाला विचारले तर तो एक नाव सांगेल, आणि ओढ्यापलीकडच्या घरात विचारले तर दुसरे. दोघेही जागेवरचे. 'जे जागेवर आहे तेच खरे' हा नियम इथे उत्तर देत नाही, उलट पाराजवळच्या आवाजालाच बळ देण्याची भीती. अशा वेळी दुरून, मुंबईतून किंवा आणखी लांबून, सरकारी निर्णय हाती घेऊन कोणी नाव बदलले तर मी त्याला आरामखुर्चीतला म्हणून हिणवणार नाही. मात्र त्याने ओढ्यापलीकडे कोणाला तरी विचारलेले असावे. सरकारने सुचवलेल्या यादीतले नाव वस्तीला हवे होते की तिने स्वतःचे काही ठरवले होते, हे निर्णयाच्या कागदावरून कळत नाही.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच जागेच्या नावांसाठी निरनिराळे रकाने आहेत: अधिकृत नाव, पर्यायी नाव, बोलीतले नाव, जुने नाव. अनुवादक म्हणून मला हे रकाने फार आवडतात. एका शब्दावर अडून बसायला नको, अशी चैन आम्हाला पुस्तकात क्वचित मिळते. पण जुन्या नावाच्या रकान्याशी मी अडखळते. दलित आत्मकथनांत महारवाडा हा शब्द येतो, तो तसाच यायला हवा. दुसऱ्या भाषेत नेताना कोणी त्याचे समतानगर केले तर ती फसवणूक होईल. त्या पुस्तकावर अभ्यास करणाऱ्याला ती जागा नकाशावर शोधायची असेल तर जुने नाव नोंदलेले असणे उपयोगाचे. त्याच वेळी जुन्या नावाच्या रकान्यातले शब्द शोधयंत्राला सापडतात, म्हणजे ज्याला ते नाव अजून वापरायचे आहे, त्याला ते तिथे तयार मिळेल. त्या वस्तीतल्या मुलीने नोकरीच्या अर्जावर समतानगर असा पत्ता लिहिला आणि तो वाचणाऱ्याने नकाशात शोधून पाहिला, तर त्याच्या पडद्यावर काय उमटावे? तो रकाना भरायचा की कोरा ठेवायचा, हे मला इथून ठरवता येत नाही. विचारायचे ते तिला, आणि या घडीला नकाशावरच्या चर्चा इंग्रजीत चालतात.